हरणे, हरवणे, पेर्देर

स्पॅनिश मला शिकायचं नव्हतंच. शिकायचं होतं माझ्या नवऱ्याला. तो जळगावात केळीची टिश्यूकल्चर रोपं तयार करणाऱ्या कंपनीत आहे. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी पेरू देशात पाठवायचं ठरवलं आणि त्याआधी भाषेचा ऑनलाइन वर्ग लावून दिला. सासूबाईंनी ही बातमी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या कितीतरी वेळ हसत होत्या. "पेरूला केळी लावायला चालला," असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या.

वर्ग संध्याकाळी असायचा. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. नवरा लॅपटॉपसमोर परीक्षेला बसल्यासारखा बसायचा आणि मी मागे भाजी निवडत ऐकायची. तो अडला की मी हळूच उत्तर पुरवायची. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "मागे कोण बोलतंय? त्यांनाही पुढे बसवा." मग दोघं बसू लागलो. तो गेला, वर्गातली त्याची जागा मला मिळाली आणि मी एकटीच बसू लागले. दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या संपल्या की दिवेलागणीला माझा वर्ग. मॅडम मला ताई म्हणायच्या आणि म्हणायच्या, "ताई, तुमचा उच्चार इतका चांगला आहे की फोनवर तुम्हाला कुणी परकं समजणार नाही." मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

हरण्याचा धडा आला तो फेब्रुवारीच्या शेवटी. मॅडमनी एक क्रियापद दिलं, पेर्देर, आणि म्हणाल्या, आज याच्याभोवती फिरायचं. मराठीत आपण किती वेगळं वेगळं बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. सामना आपण हरतो, किल्ली हरवते, गाडी चुकते, वेळ वाया जातो, संधी हुकते, नोकरी गमावतो आणि माणूस जातो. स्पॅनिशमध्ये या सगळ्याला एकच, पेर्देर. किल्लीलाही तेच आणि माणसालाही तेच. मग पराभव म्हणजे देरोता, शरण जाणं म्हणजे रेंदिर्से, आणि हात टेकले असं म्हणायचं असेल तर मे दोय पोर वेन्सिदा. मी आवडीनं लिहून घेत होते. धुळ्याला आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी कुस्त्या खेळायचे, त्यामुळे हरण्याचे शब्द आमच्या घरात लहानपणापासून होते. चीत होणं, पाठ लागणं, धूळ चाटणं. हे सगळं मी मॅडमना सांगितलं आणि पडद्यावरचा सगळा वर्ग हसला.

मग वाक्यं म्हणायची वेळ आली. माझ्या वाट्याला जे आलं त्याचा अर्थ होता, तिनं युद्धात नवरा गमावला. मॅडम म्हणाल्या, इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, वस्तू हरवली तर नुसतं पेर्देर, पण माणूस गमावला तर मध्ये एक छोटासा 'आ' येतो. पेर्दिओ आ सु मारिदो. मी मोठ्यानं म्हटलं. एकदा नीट जमलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं.

सासूबाई तेव्हा देवाजवळ दिवा लावत होत्या. वर्ग संपल्यावर त्यांनी विचारलं, "ते मारिदो मारिदो काय चाललं होतं?"

मी सहज सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"दिव्याच्या वेळेला? घरात बसून? त्या बयेला कळत नाही, पण तुला तर कळतं ना? वास्तू तथास्तु म्हणत असते."

"आई, ते पुस्तकातलं वाक्य आहे."

"पुस्तक तिचं आहे. तोंड तुझं होतं."

मी वरवर हसले. पण रात्रीच्या भाकरी थापताना ते वाक्य जिभेवरून जाईना आणि मी मुद्दाम दुसरी वाक्यं म्हणत राहिले. पेर्दी एल बुस, माझी बस चुकली. पेर्दी ला यावे, माझी किल्ली हरवली.

मार्चमध्ये आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी धुळ्याला गेले. भाऊ नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. घरी वहिनी होती, पण डोळ्यात थेंब आबा दुसऱ्या कुणाच्या हातून घालून घ्यायला तयार नव्हते. नवरा रोज आमच्या संध्याकाळी फोन करायचा. तेव्हा तिकडे सकाळ असते आणि तो मळ्यावर निघायच्या गडबडीत असतो. तो त्या देशाच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात राहत होता. एका विधवा बाईच्या घरातली मागची खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. बाई साठीच्या. व्हिडिओवर दोन-तीनदा आमचं बोलणं झालं होतं. त्या मला इखा म्हणायच्या, म्हणजे पोरी. अडीअडचणीला असावा म्हणून त्यांचा नंबर मी माझ्या फोनमध्ये ठेवला होता.

त्या आठवड्यात तो सांगत होता की इथे पाऊस थांबतच नाही. आमच्याकडे धुळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, आणि तो फोनवर पावसाचा आवाज ऐकवायचा.

मग एका संध्याकाळी फोन आला नाही.

मी लावला तर बंद. कंपनीतल्या त्याच्या साहेबांना लावला. ते म्हणाले, तिकडे नदीला पूर आलाय, टॉवर पडलेत, आपल्या दोघा माणसांशी संपर्क होत नाहीये, पण काळजीचं कारण नाही. त्यांनी 'काळजीचं कारण नाही' हे इतक्या वेळा म्हटलं की मला तिथूनच काळजी सुरू झाली.

सकाळी आबांना चहा देऊन मी गच्चीवर गेले आणि त्या घरमालकीणबाईंना फोन लावला. लागेल असं वाटलं नव्हतं. पण लागला. पलीकडे प्रचंड आवाज होता. पाण्याचा होता की माणसांचा, कळत नव्हतं.

"अलो? इखा? इखा!" त्या ओरडत होत्या.

"सेन्योरा, के पासो?" मी विचारलं. काय झालं?

त्या रडत बोलू लागल्या. भराभर. मी वर्गात जे स्पॅनिश ऐकलं होतं ते सगळं सावकाश होतं. हे तसं नव्हतं. त्यातून मला एल रिओ कळलं, म्हणजे नदी. मग काळोख, मग देवाचं नाव. आणि मग आवाज अगदी जवळ आला, आणि स्पष्ट शब्द आले.

"लो पेर्दिमोस—"

आणि फोन कटला.

पुन्हा लावला. पुन्हा लावला. बंद.

लो पेर्दिमोस. आम्ही त्याला गमावलं.

गच्चीवर वहिनीनं वाळत घातलेल्या कुरडया होत्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. ऊन चढत होतं आणि माझे हात गार पडले होते. मला रडू आलं नाही. डोक्यात एवढंच होतं की मला हे वाक्य कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं. वर्गात पाठीमागे भाजीच निवडत बसले असते तर ते नुसते आवाज असते, आणि मी खाली जाऊन म्हटलं असतं की बाईंशी बोलले, काही समजलं नाही.

खाली आले. आबा डोळ्यावर काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. पायऱ्यांवरच्या पावलांवरूनच त्यांनी काहीतरी ओळखलं असावं.

"काय व्हयनं वं बेटा? जवाईना फोन उना का?" जावयाचा फोन आला का, असं ते आमच्या अहिराणीत विचारत होते.

"नही उना, आबा. तठे नेटवर्क नही शे."

"मग तुना आवाज असा काबर येस?"

डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळ्याला पाणी येऊ द्यायचं नाही, ताण द्यायचा नाही. मी म्हटलं, जळगावला शिकवणीच्या मुलांची परीक्षा आहे, मला आज निघावं लागेल. आबा म्हणाले, "जाय. थेंब तुनी वहिनी टाकी दी." इतके दिवस ज्याला नाही म्हणत होते त्याला ते लगेच हो म्हणाले. त्यांनी मला पुढे काही विचारलं असतं तर मी तिथंच कोसळले असते, हे त्यांना कळलं होतं.

धुळे स्टँडवर जळगावची बस लागायला वेळ होता. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून पुण्याला मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

"नक्की 'लो' म्हणाल्या?" मॅडमनी विचारलं.

"हो. लो पेर्दिमोस."

"ताई, त्यात 'आ' ऐकलात का तुम्ही? आ सु एस्पोसो, तुमच्या नवऱ्याला, असं काही?"

"नाही."

"मग ऐका. 'लो' म्हणजे त्याला असंही होतं आणि 'ते' असंही होतं. एखादी पुल्लिंगी वस्तू असेल तरी 'लो'च म्हणतील. नुसत्या 'लो'वरून माणूस की वस्तू, हे सांगता येत नाही. पुढे काय बोलल्या?"

"फोन कटला."

त्या म्हणाल्या, "मी लावून बघू का? मला नंबर द्या."

"नको," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. तोपर्यंत 'लो' म्हणजे काहीही असू शकत होतं, आणि त्या घडीला मला तेवढाच आधार होता.

बस निघाली. खिडकीतून गरम वारा येत होता. मी पुल्लिंगी वस्तू आठवायला लागले. मला हसू नका, पण त्या दिवशी मी देवाचं नाव घेतलं नाही, स्पॅनिशमधली नामं घेतली. तेलेफोनो, फोन. तो हरवला असेल. पुएन्ते, पूल. तो वाहून गेला असेल. तेचो, छप्पर. पेर्रो, कुत्रा, बाईंचा एक म्हातारा कुत्रा होता, व्हिडिओत दिसायचा. तो गेला असेल. त्या कुत्र्यावर माझा काही राग नव्हता, पण मी मनोमन म्हणत होते, तोच असू दे.

मग डोकं पुढे चालायला लागलं आणि मला ते थांबवता येईना. गाडी वाहून गेली असेल का? पण त्यांची मालवाहू गाडी, कामिओनेता, ती स्त्रीलिंगी. तिला 'लो' म्हटलं नसतं, 'ला' म्हटलं असतं. घर? कासा. तेही स्त्रीलिंगी. रोपं? प्लांतास, स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी. ज्या ज्या वस्तूवर मी आशा ठेवावी ती व्याकरणानं बाद होत होती. दहावीच्या मुलांना मी सांगते, शक्यता एकेक करून खोडत जा, शेवटी उरेल ते उत्तर. मी खोडत होते आणि उरत काय होतं ते मला बघायचं नव्हतं.

पारोळ्याला एक बाई कडेवर गाठोडं घेऊन धावत आली. "थांबा हो, माझी गाडी चुकते!" कंडक्टरनं घंटी मारून बस थांबवली. ती धापा टाकत माझ्याशेजारी येऊन बसली. पदरानं तोंड पुसलं, गाठोड्यातून शेंगा काढल्या आणि ओंजळभर माझ्यापुढे धरल्या.

"घ्या ना, ताई."

मी एक शेंग घेतली. फोडली नाही.

"माहेराहून का सासरहून?" तिनं विचारलं.

"माहेराहून."

"म्हणून तोंड उतरलंय," ती म्हणाली आणि हसली. मीही हसल्यासारखं केलं. एरंडोलला ती उतरली तेव्हा ती शेंग माझ्या मुठीतच होती, घामानं ओली झालेली.

गिरणेच्या पुलावर बस आली. खाली नदीत पाणी नव्हतंच, नुसती वाळू आणि कडेला थोडं हिरवं डबकं. त्या कोरड्या पात्राकडे बघून मला प्रथमच रडू आलं. इथे नदी अशी, आणि तिथे ती माणसं नेते. मी तोंडाला पदर लावला आणि जळगाव येईपर्यंत काढला नाही.

घरी सासूबाईंनी दार उघडलं. "लवकर आलीस?"

"शिकवणी आहे."

"त्याचा फोन?"

"येईल संध्याकाळी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्यासाठी ताट वाढून आणलं. वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी त्यांच्यासमोर बसून एकेक घास गिळला. घास गिळताना वाटत होतं की यांना हे सांगायचं म्हणजे ते वाक्य मला आता मराठीत म्हणावं लागेल. स्पॅनिशमध्ये ते दोन शब्द होते. मराठीत म्हटलं की ते खरं होईल. आणि त्यांनी त्या दिवशी म्हटलेलं, तोंड तुझं होतं, तेही आठवत होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरीही मी जेवताना मनात वर्गातलं ते वाक्य मागे घेत होते, जणू फळ्यावर लिहिलेलं पुसता यावं तसं.

मी आल्याचं कळलं तशी पाचला मुलं आली. मी त्यांना एकसामयिक समीकरणं शिकवली. एका उदाहरणात माझं चिन्ह चुकलं आणि शेवटी वय उणे आलं. मुलं हसली. एरवी मीही हसले असते. मी त्यांना लवकर सोडलं.

दिवे लागले. सासूबाई देवाजवळ बसल्या आणि या वेळी त्या उठल्याच नाहीत. जपमाळ हातात होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्या माझ्याबरोबर वाट बघत होत्या. तिकडे आता सकाळ झाली असणार. मी फोन हातात घेतला. खाली ठेवला. पुन्हा घेतला. लावला.

रिंग गेली. बंद नव्हता.

"अलो?"

मी विचारायला तोंड उघडलं आणि क्रियापद सापडेना. कुठे आहे, विचारू? आहे का, विचारू? प्रत्येक क्रियापदाचं एक उत्तर होतं आणि मला त्या उत्तराची भीती वाटत होती. म्हणून मी क्रियापदाशिवायच विचारलं.

"सेन्योरा. मि एस्पोसो?" माझा नवरा?

पलीकडून त्या ओरडल्या, "आय, ला इंदिया!" अगबाई, ही तर भारतातली! आणि फोन बाजूला धरून त्यांनी कुणाला तरी हाक मारली, "इंहेनिएरो! इंहेनिएरो!"

इंजिनिअर. त्या त्याला याच नावानं हाक मारायच्या. मेलेल्या माणसाला कुणी अशी हाक मारत नाही. एवढं कळायला मला भाषेची गरज पडली नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले.

तो येईपर्यंत त्या पुन्हा बोलू लागल्या. आता सावकाश, दमलेल्या आवाजात. आणि सकाळचं तेच वाक्य आलं, पण या वेळी त्याला शेपूट होतं.

"लो पेर्दिमोस तोदो, सेन्योरा. तोदो."

आम्ही सगळं गमावलं. सगळं.

सकाळी फोन कटला तेव्हा 'तोदो' तेवढा राहून गेला होता. त्या वाक्यातला 'लो' म्हणजे माणूसही नव्हता आणि कुत्राही नव्हता. सगळं, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि त्या सगळं गमावल्याचं सांगत होत्या आणि मी रडत रडत म्हणत होते, "ग्रासियास, सेन्योरा, ग्रासियास." धन्यवाद, धन्यवाद. तोंडातून दुसरं काही निघतच नव्हतं. त्यांना कळलं असावं, कारण त्या हळूच म्हणाल्या, "सी, इखा. सी." हो, पोरी, हो.

मग त्याचा आवाज आला. बसलेला, ओळखू न येणारा.

"अगं, मी आहे. फोन पाण्यात गेला माझा. ऐकतेयस ना?"

सासूबाई देवाजवळून उठून आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "जेवलास का?"

तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बरं. ओल्या कपड्यात राहू नकोस." फोन माझ्याकडे देऊन त्या पुन्हा आत गेल्या, आणि मला आतून भांड्यांचे आवाज यायला लागले. नंतर बघितलं तर त्या धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होत्या.

सकाळचा घोळ दुसऱ्या दिवशी उलगडला. बाईंची मुलगी लिमाला राहते. तिचा फोन येईल म्हणून त्या अंधारात फोन हातात धरून बसल्या होत्या. माझा आला. गोंगाटात त्यांना 'के पासो' एवढंच ऐकू गेलं आणि त्यांना वाटलं, मुलगीच बोलतेय. म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याविषयी काही सांगितलंच नाही. मुलीला त्या भाडेकरूचं कशाला सांगतील? त्यानंतर रात्रभर तिथे रेंजच नव्हती, नाहीतर त्यानंच त्यांच्या फोनवरून मला लावला असता. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या उच्चाराचं मी उगीच कौतुक केलं."

आबांनाही मी फोन करून सगळं सांगितलं, आदल्या दिवशी जे लपवलं होतं तेसुद्धा. त्या बाईचं घर मातीच्या विटांचं होतं, ते पाण्यात विरघळलं. कोंबड्या, शिवणाचं मशीन, नवऱ्याचा एकुलता एक फोटो, सगळं, आमच्या अहिराणीत बठ्ठं, गेलं. "आबा, तिनं बठ्ठं गयं."

"माणसं शेतस ना?" आबांनी विचारलं.

"शेतस."

"मग बठ्ठं कशाले म्हनस ती?"

"आबा, तिचं घर होतं ते. बावीसेक वर्षं ती एकटी राहत होती त्यात."

आबा म्हणाले, "हा. मग बठ्ठंच."

मला वाटलं होतं, तो लगेच परत येईल. आला नाही. मळ्यातली लागवड बसली होती, ती पुन्हा उभी करायची होती. कंपनीनं त्याला विचारलं, आणि त्यानं राहतो म्हणून सांगितलं. मी फोनवर भांडले, रडले. तो एवढंच म्हणाला, "आत्ता निघून आलो तर यांना काय सांगू?" ते महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. इकडे पावसाळा सुरू झाला तेव्हा तिकडे कोरडं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीसुद्धा आमच्या पत्र्यावर सर आली की मी फोन बघायची. वर्ग मी सोडला नाही. सोडावासा पुष्कळदा वाटला. पण ज्या भाषेत भीती ऐकली होती ती अर्धवट कळत राहणं मला जास्त भयंकर वाटायला लागलं. मॅडमना मी सांगितलं, मला भराभर बोललेलं कळलं पाहिजे, रडत बोललेलंही.

लागवड पुन्हा उभी राहिल्यावर, दिवाळीच्या आधी तो कायमचा परत आला. वाळला होता. पुराबद्दल तो बोलायचा नाही. विचारलं की म्हणायचा, शाळेच्या गच्चीवर होतो सगळे, मग पाणी उतरलं. भाऊबिजेला आम्ही धुळ्याला गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. आबांचा डोळा आता स्वच्छ झाला होता. त्यांनी जावयाकडे बघून सरळ विचारलं, "भ्याव वाटना का?"

भीती वाटली का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी आपली काय झालं, कसं झालं, हेच विचारत राहिले होते.

"हो, आबा," तो म्हणाला. आणि सांगायला लागला. पाणी संध्याकाळी अंगणात आलं. बाई घर सोडायला तयार नव्हत्या. त्यानं त्यांना ओढत बाहेर काढलं. शाळेकडे जाताना छातीपर्यंत पाणी, आणि मधे एका ठिकाणी पायाखालची जमीन संपली. बाईंनी त्याचा शर्ट धरला होता. तो बुडाला तेव्हा त्यांनी सोडला नाही. त्यांचा दुसरा हात एका दाराच्या चौकटीला होता. किती वेळ तसं होतं त्याला ठाऊक नाही. वर आल्यावर बाई त्याच्यावर चिडून ओरडत होत्या, आणि त्या काय म्हणतायत त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं.

मी उन्हात बसले होते, तो समोर धडधाकट होता, हातात विडा होता त्याच्या. आणि माझे हात पुन्हा गार पडले. इतके दिवस मी समजत होते की मी एका चुकीच्या समजुतीला घाबरले होते. तसं नव्हतं. ते वाक्य माझ्या समजुतीप्रमाणे खरं होता होता राहिलं होतं. एका शर्टावर.

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, हार खाऊन आखाड्याबाहेर आलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

आता तो इथेच लॅबमध्ये असतो. बाईंनी उंचावर दोन खोल्या बांधल्यात. त्या मला आवाजी निरोप पाठवतात, लांबलचक, कोंबड्यांच्या कलकलाटासकट. एरवी मी ते कधीही ऐकते. पण फेब्रुवारी-मार्च आला की एकटी असताना उघडत नाही. स्वयंपाकघरात सासूबाईंजवळ जाऊन बसते आणि मग लावते. त्यांना एक शब्द समजत नाही. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत ऐकतात.

परवाही आला.

"काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

"थांबा, संपू द्या."

निरोप संपला. मी सांगितलं, पाऊस आहे म्हणे, पण नदी अजून खाली आहे.

"अजून?" सासूबाई म्हणाल्या.

"हो, अजून."

त्यांनी मेथीची जुडी पुढे ओढली आणि अर्धी माझ्याकडे सरकवली.